आइस मेकर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? भाग बदलण्याआधी पाण्याचा दाब तपासा

साइड-बाय-साइड फ्रीजमधल्या आइस मेकरची तक्रार बहुतेक घरांत ठरावीक क्रमाने येते. नवा फ्रीज आला की काही महिने बर्फ भरभरून पडतो. मग खडे बारीक व्हायला लागतात, काही आतून पोकळ निघतात आणि एके दिवशी बर्फाचा डबा रिकामाच राहतो. मेकॅनिक येतो, फ्रीज रात्रभर बंद ठेवायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू होतो. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा ठप्प. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला 'पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल' असं सांगितलं जातं. हजारो रुपये जातात आणि नवा आइस मेकरही त्याच वाटेने जातो.

असं होत असेल तर आइस मेकरवरचा संशय जरा बाजूला ठेवा. रात्रभर बंद ठेवल्यावर तो आपोआप चालू लागतो, याचाच अर्थ मोटर, सेन्सर, बोर्ड बहुधा धडधाकट आहेत. आत कुठेतरी बर्फाचं बूच बसलं होतं, ते वितळलं. ते बूच परत परत का बसतं, हे शोधायचं आहे. आपल्याकडच्या घरांत त्याचं उत्तर फार वेळा गच्चीवरच्या टाकीत नाहीतर ओट्याजवळच्या आरओत सापडतं.

(पुढचं सगळं पाइपने पाणी जोडलेल्या आइस मेकरबद्दल आहे. आतली छोटी टाकी हाताने भरायची किंवा ट्रे हाताने पिळायचा अशी मॉडेल्स वेगळी.)

किरकोळ गोष्टी आधी उरकून घ्या

बर्फाच्या डब्यावर एक तारेची किंवा प्लास्टिकची दांडी असते. डबा भरला की ती वर उचलली जाते आणि आइस मेकर थांबतो. मटारचं पाकीट तिच्याखाली अडकलं तरी मशीनला वाटतं डबा भरलाय. पॅनेलवरचं 'आइस ऑफ'चं बटण लहान मुलांकडून दाबलं जातं, तेही बघा. फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. वीज वाचवायची म्हणून उणे १४-१५ वर ठेवलेल्या फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण एकेका खेपेला फार वेळ लागतो. आणि पाण्याचा फिल्टर सहा महिन्यांच्या वर गेला असेल तर तो बदलूनच पुढे जा, कारण तुंबलेला फिल्टर खाली सांगितलेली बरीच लक्षणं एकट्याने दाखवू शकतो.

आत नेमकं काय चालतं

ट्रेमध्ये पाणी गोठतं. ट्रेला चिकटवलेला सेन्सर तापमान ठरावीक पातळीखाली गेलं की बोर्डाला कळवतो. मग एका प्रकारात साच्याखालचा हीटर किंचित तापून खडे सुटे करतो आणि फिरती पाती ते बाहेर ढकलतात. दुसऱ्या प्रकारात हीटर नसतो, मोटर प्लास्टिकचा ट्रे उलटा करून पिळते आणि खडे पडतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हा पिळणारा ट्रेच आढळतो. ट्रे जागेवर आला की फ्रीजच्या मागे खाली बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी पाण्याची झडप) काही सेकंद उघडतो आणि मोजून शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी ट्रेमध्ये सोडतो.

यातली 'काही सेकंद' ही गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक फ्रीज पाणी मोजत नाहीत, वेळ मोजतात. सात सेकंद व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, एवढंच त्यांना माहीत. त्या सात सेकंदांत किती पाणी आलं ते दाबावर ठरतं. दाब कमी असेल तर ट्रे अर्धाच भरतो आणि बारीक, पातळ खडे पडतात. तक्रारीची सुरुवात इथूनच होते.

बूच कसं बसतं

डबा बाहेर काढा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आइस मेकरच्या मागच्या वरच्या बाजूला बघा. फ्रीजच्या भिंतीतून एक छोटी नळी ट्रेच्या तोंडावर आलेली दिसेल. निरोगी नळीचं तोंड कोरडं आणि मोकळं असतं. आजारी नळीच्या तोंडाशी पांढरट बर्फ गच्च बसलेला असतो, कधी खालच्या ओठाला बोटभर लोंबही आलेला असतो. हेच ते बूच.

ते तयार होतं थेंबाथेंबाने. सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पातळ पडदा असतो. व्हॉल्व्हच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वीज मिळाली की तो उचलला जातो आणि वीज गेली की परत बसतो. पण तो घट्ट बसायला नुसती स्प्रिंग पुरत नाही. मागून येणारं पाणीच त्याला जागेवर दाबून धरतं. दाब कमी असला की पडदा सैल बसतो आणि व्हॉल्व्ह 'बंद' असतानाही थेंब थेंब पाझरत राहतो. हे थेंब उणे १८ अंशांच्या हवेत असलेल्या नळीच्या टोकाशी येतात आणि तिथेच थरावर थर गोठतात. काही दिवसांत नळी पूर्ण बंद. म्हणून केस वाळवायच्या ड्रायरने नळी मोकळी केली तरी महिन्याभरात तेच होतं. रोग फ्रीजच्या मागे राहतो आणि आपण पुढून औषध लावत बसतो.

तुमच्या मजल्यावर दाब किती आहे?

बहुतेक आइस मेकरना साधारण २० ते १२० पीएसआय (दाब मोजायचं एकक) इतका दाब लागतो. आपल्याच फ्रीजचा आकडा त्याच्या माहितीपुस्तकात 'पाणीजोडणी'च्या पानावर असतो, तो बघून घ्या. हे फ्रीज ज्या देशांसाठी आधी बनले तिथे रस्त्यावरच्या जलवाहिनीचा दाब थेट घरात येतो. आपल्याकडे पाणी आधी खालच्या टाकीत, मग पंपाने गच्चीवर आणि तिथून नुसत्या उतारावर घरात येतं.

हिशोब सोपा आहे. पाण्याची उंची दर १० मीटरला साधारण १४ पीएसआय दाब देते, म्हणजे मजल्यामागे चारच्या आसपास. २० पीएसआय हवे असतील तर टाकीतलं पाणी तुमच्या फ्रीजच्या साधारण १४ मीटर वर, म्हणजे जवळजवळ पाच मजले वर हवं. सातमजली इमारतीत सातव्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीतून जेमतेम सहा-सात पीएसआय मिळतात. तिथे जगातला कुठलाही आइस मेकर नीट चालणार नाही, कितीदाही बदला. चौथा मजला काठावरचा. तिसऱ्याच्या खाली साधारणपणे अडचण येत नाही. मोठ्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांसाठी बहुधा वेगळा प्रेशर पंप असतो, तिथे हा हिशोब लागू होत नाही; सोसायटीच्या प्लंबरला विचारा.

आरओ जोडला असेल तर मजल्याचा प्रश्नच उरत नाही, कारण दाब आरओतच संपतो. आपले घरगुती आरओ पाणी गाळून प्लास्टिकच्या टाकीत साठवतात आणि त्या टाकीतून पाणी नुसतं खाली उतरतं. त्या टाकीच्या तोटीला 'टी' बसवून फ्रीजला पाइप दिला, की मिळणारा दाब एक-दोन फूट उंचीच्या पाण्याएवढाच. काही जण त्यावर उपाय म्हणून टाकीच्या आधीच, मेम्ब्रेनमधून (पाणी गाळणाऱ्या पडद्यातून) निघणाऱ्या पाइपालाच फ्रीज जोडतात. ते आणखी निरुपयोगी. मेम्ब्रेन तासाला पंधरा लिटर पाणी देत असेल तर सात सेकंदांत ३० मिलिलिटरही धड येत नाही.

दाब मोजायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं अर्ध्या इंची आट्याचं प्रेशर गेज नळाला लावलं की झालं. गेज नसेल तर फ्रीजच्या मागचा पाइप सोडवा, त्याचं तोंड मापाच्या पेल्यात धरा आणि कॉक पूर्ण उघडा. पाव लिटर भरायला आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर दाब कमी आहे असं धरून चाला. ही परीक्षा सकाळी सगळी इमारत आंघोळी करत असते तेव्हा घ्या. दुपारी तीन वाजता आलेला आकडा खोटा धीर देतो.

कान आणि दारातला नळ

दारात पाण्याचा नळ असलेला फ्रीज असेल तर निदान अर्धं सोपं होतं. दारातला नळ आणि आइस मेकर यांना एकाच पाइपातून, एकाच फिल्टरमधून पाणी मिळतं. पुढे व्हॉल्व्हमध्ये दोन वाटा होतात. दारातही धार बारीक येत असेल तर दाब, फिल्टर किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी. दारात पेला पटकन भरतो पण बर्फ नाही, तर बर्फाच्या बाजूची कॉइल गेलीय किंवा नळी गोठलीय.

आता आइस मेकरवरचं 'टेस्ट' बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. ट्रे फिरेल आणि परत येईल. ट्रेमध्ये पाणी असेल तर ते डब्यात सांडेल, म्हणून आत एक फडकं ठेवा. ट्रे जागेवर आल्यावर फ्रीजच्या मागे खाली कान द्या. काही सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, ती व्हॉल्व्हच्या कॉइलची. गुणगुण आहे आणि पाणी नाही, तर वाट कुठेतरी अडली आहे. गुणगुणच नाही, तर कॉइल, वायर किंवा बोर्ड. ट्रेच फिरला नाही तर मात्र दोष खरोखर आइस मेकरमध्ये आहे, किंवा फ्रीझर पुरेसा थंड नाही.

बूच काढताना

फ्रीजचा प्लग काढा. स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका. पाण्याचा कॉक बंद करा. वॉरंटी शिल्लक असेल तर हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा.

सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं यांतलं काहीही बर्फावर चालवू नका. अलीकडच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन वायू असतो. तो ज्वालाग्राही आहे. फ्रीझरच्या भिंतीमागच्या नळीला भोक पडलं तर फ्रीज तर गेलाच, शिवाय बंद स्वयंपाकघरात तो वायू पसरणं धोक्याचं. आइस मेकर याच भिंतीला खेटून असतो.

सगळ्यात सुरक्षित उपाय गरम पाण्याचा. औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या, तिला बारीक लवचीक नळी जोडा, खाली टॉवेल आणि वाटी ठेवा आणि हाताला सोसवेल इतपत गरम पाणी बुचावर थोडं थोडं सोडत राहा. बूच आतून सैल होऊन लांबट कांडीसारखं बाहेर येतं. उकळतं पाणी वापरू नका, थंडगार प्लास्टिक तडकतं. ड्रायर वापरायचाच तर सर्वांत मंद झोतावर, सतत हलता आणि ओल्या जागेपासून लांब.

थेंब पडतोय का?

ही परीक्षा बरेच मेकॅनिक घेत नाहीत, आणि सगळ्या दुरुस्तीत हीच सर्वांत कामाची आहे. फ्रीज पुढे ओढा. मागे खाली पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं झाकण असतं, ते उघडा. व्हॉल्व्हमधून वर आइस मेकरकडे जाणारा पाव इंची पाइप सोडवा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडाखाली कोरडा पेला ठेवा. तोंड सरळ खाली नसेल तर तिथे पाइपाचा छोटा तुकडा लावून तो पेल्यात सोडा. प्लग काढलेलाच ठेवा, फक्त पाण्याचा कॉक उघडा. वीज नसताना व्हॉल्व्हमधून एक थेंबही यायला नको. अर्ध्या तासाने पेल्यात पाणी दिसलं तर बर्फाचं बूच कुठून येतं ते डोळ्यांसमोर आहे.

पाणी पाझरत असेल तर कॉक परत बंद करून व्हॉल्व्हच्या पाणी घेणाऱ्या तोंडात बघा. तिथे करंगळीच्या नखाएवढी बारीक जाळी असते. नवी असताना तिच्यातून आरपार प्रकाश दिसतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर वर्षभर चाललेल्या फ्रीजमध्ये तीच जाळी खडूसारख्या पांढुरक्या थराने लिंपलेली आढळते, मध्ये वाळूचे तांबूस कण. चिमट्याने ती हलकेच बाहेर काढा, कोमट पाण्यात लिंबाचं सत्त्व घालून तासभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने साफ करा आणि परत बसवा. सुईने टोचू नका. जाळी फाटली की तोच कचरा पुढे पडद्याखाली जाऊन बसतो आणि व्हॉल्व्ह कायमचा गळतो.

मुंबईत तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी तसं मऊ असतं, तिथे जाळी वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकते. पण दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, आणि पुण्याच्या भोवतीच्या नव्या वस्त्यांमध्ये, मराठवाड्यात, विदर्भात अनेक सोसायट्या त्याच्यावर आणि टँकरवरच चालतात. तिथे फ्रीजच्या आधी एक साधा धाग्याचा सेडिमेंट फिल्टर बसवा. तो गाळ आणि वाळू अडवतो; विरघळलेले क्षार नाही. वितळलेल्या बर्फात तळाशी दिसणारे पांढरे कण याच क्षारांचे. पाणी गोठताना क्षार मधोमध ढकलले जातात, म्हणून खड्याचा गाभा दुधट दिसतो. हे कण अपायकारक नाहीत.

कायमचा इलाज

दाब पुरेसा आहे, जाळी स्वच्छ आहे आणि तरी थेंब पडतो, तर व्हॉल्व्ह बदला. हा भाग अख्ख्या असेंब्लीच्या मानाने बराच स्वस्त असतो. जुन्या व्हॉल्व्हवर छापलेला क्रमांक आणि व्होल्टेज बघूनच नवा घ्या. आरओच्या दुकानात दिसायला तसाच २४ व्होल्ट डीसीचा व्हॉल्व्ह मिळतो. फ्रीजचा २२०-२४० व्होल्टचा असेल तर त्याच्या जागी हा लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. वायर काढण्याआधी फोटो काढा, कारण दोन कॉइलचे कनेक्टर उलटसुलट लागले तर बर्फाच्या वेळेला दारातून पाणी वाहतं.

दाबच कमी असेल तर व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही. तिथे छोटा डायफ्राम पंप बसवा, ज्यात प्रेशर स्विच आतच असतो: पुढे पाणी मागितलं की पंप चालू होतो, पाइपात दाब भरला की थांबतो. ३० ते ५० पीएसआयचा पुरे. आरओ असेल तर साठवणटाकीच्या तोटीनंतर, नसेल तर स्वयंपाकघरातल्या टाकीच्या पाण्याच्या लाइनवर तो लावता येतो. महापालिकेच्या थेट लाइनवर पंप लावू नका. ते नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्याचं पाणीही तुटतं. पंपाखाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर रात्री ट्रॉली थरथरते.

आरओचं पाणी देत असाल तर फ्रीजमधला फिल्टर काढून त्याच्या जागी बायपास कॅप (पाणी न गाळता पुढे सोडणारं झाकण) लावायला अनेक कंपन्या स्वतःच सांगतात. आधीच गाळलेलं पाणी पुन्हा गाळण्यात दाब तेवढा खर्च होतो. पाइप मात्र नवाच घाला, खाण्यापिण्याच्या दर्जाचा पाव इंची, आणि फ्रीज मागे ढकलताना तो चेमटणार नाही इतकी सैल गुंडाळी मागे सोडा. चेमटलेला पाइप हे 'कालपर्यंत चालत होता'चं फार नेहमीचं कारण आहे.

पाणी ठीक आहे, तरीही

मग दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून दमट हवा आत जाते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात या एका फटीमुळे आइस मेकरवर आणि नळीवर भुरभुरीत हिम जमतं. रबर कोमट साबणपाण्याने पुसा, कडक झालं असेल तर बदला.

बर्फाचा एकच गठ्ठा झाला असेल तर बहुधा वीज बराच वेळ गेली होती. गठ्ठा फोडत बसू नका, डबा बाहेर काढून सिंकमध्ये रिकामा करा, धुवा आणि पूर्ण कोरडा करून परत ठेवा. ओल्या डब्यात पडलेले पहिले खडे तळाला चिकटतात आणि दारातून बर्फ ढकलणारा स्क्रू अडतो.

ट्रे फिरतच नाही, फ्रीझर उणे १८ला आहे, दांडी खाली आहे, तेव्हा मात्र असेंब्ली बदलायची वेळ आली. ती बहुतेक मॉडेलमध्ये दोन-तीन स्क्रू आणि एका कनेक्टरवर बसलेली असते. फ्रीझरच थंड होत नसेल तर तो गॅस किंवा कॉम्प्रेसरचा मामला आहे, तिथे घरी काही करू नका.

दुरुस्तीनंतर बर्फ लगेच येत नाही. पाइपातली हवा निघून ट्रे नीट भरायला आणि गोठायला पूर्ण दिवस द्या. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्या, त्यात नव्या पाइपाची चव असते. पंप बसवला असेल तर प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. आधी उतारावर न गळणारा जोड ४० पीएसआयला गळू शकतो. आणि गणपतीला किंवा मे महिन्यात घर बंद करून गावी जाताना फ्रीजचा कॉक बंद करा, पंपाचा प्लग काढा, आइस मेकर ऑफ करा. पाइपात आता चोवीस तास दाब असतो, आणि जोड सुटला तर पाणी थांबवायला घरात कोणी नसतं.